करणाराचें नांव

कांहीं माणसांना कादंबरीवांचून झोंप येत नाहीं. मला कोश हातीं आला कीं आलेली झोंपहि उडते. शब्दकोश, ज्ञानकोश, जुनें पंचांग, आगगाडीचें वेळापत्रक, यांपैकीं कोणतेंहि पुस्तक वाटेल त्या पानावर उघडून मी तासन् तास वाचीत बसूं शकतों. घरांतील मंडळींना या छंदाचें हसूं येतें. परंतु कथेंत लेखक आपणांस त्याला हवें तेथें नेतो, कोशांत आपण आपणांस हवें तेथें जातों, हा भेद काय थोडा आहे? शिवाय कोश रचणाऱ्यास स्वतःची हुशारी दाखविण्यास जागाच उरत नाहीं. पुष्कळ ग्रंथकारांच्या बाबतींत अशी सोय असती तर किती बरें झालें असतें!

गेलीं कांहीं वर्षें माझ्या या वाचनांत एका अगदीं निराळ्या कोशाची भर पडली आहे. तो कागदावर छापलेला नाहीं. संगणकाच्या पडद्यावर उघडतो. इंग्लंडांत केंब्रिजजवळ हिंक्स्टन नांवाचें खेडें आहे. तेथील युरोपीय जैवमाहिती संस्थेंत तो सिद्ध झाला. जॅनेट थॉर्नटन या विदुषी आणि त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं त्याची प्रथम ओळख करून दिली, तेव्हां त्याचें नांव 'कॅटॅलिटिक साइट ॲटलस' असें होतें. पुढें 'मेसी' नांवाच्या दुसऱ्या एका संग्रहाशीं त्याचा संयोग होऊन आजचा विस्तृत कोश निर्माण झाला. त्यांत काय आहे म्हणाल, तर सजीवांच्या शरीरांतील विकरें, म्हणजे ज्यांना आपण एन्झाइम म्हणतों तीं, आपलें काम करतात तेव्हां त्यांच्या मोठ्या देहांतील नेमके कोणते घटक तें काम करतात, याची नोंद. विकराचें नांव, त्याखालीं तीन-चार, पांच-सहा घटकांचीं नांवें व क्रमांक, प्रत्येकानें काय केलें तें थोडक्यांत, आणि तसें म्हणण्यास आधार कोणता तें. रसायनशास्त्र शिकविण्यांत माझें आयुष्य गेल्यामुळें ही भाषा मला परकी नाहीं. परंतु या कोशानें मला जें गुंतविलें आहे, तें केवळ रसायनासाठीं नव्हे.

दुधाचें दहीं होतें, घास तोंडांत घोळवितांना भाकरी गोड लागूं लागते, जखमेवर खपली धरते. या साऱ्यांच्या मुळाशीं विकरें असतात. एरवीं ज्या घडामोडीला वर्षें लागावयाचीं ती विकराच्या सान्निध्यांत क्षणांत घडते, आणि काम संपल्यावर विकर पुन्हां जसेंच्या तसें असतें. बहुतेक विकरें हीं प्रथिनें होत, आणि प्रथिन म्हणजे अमिनो अम्लांची माळ. वीस प्रकारचीं हीं अम्लें एकापुढें एक गुंफलीं जातात. गुंफतांना दर जोडणीस पाण्याचा एक रेणु बाहेर पडतो, आणि अम्लाचा जो भाग माळेंत उरतो त्यास शास्त्रज्ञ 'रेसिड्यू' म्हणजे अवशेष म्हणतात. आपल्या पुराणकारांनीं पृथ्वीचा भार ज्याच्या मस्तकावर ठेवला त्याचें नांवहि शेषच आहे. जो उरतो त्यानेंच भार वाहावा, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

ही माळ सरळ राहत नाहीं. ती आपल्याच अंगावर वळून गुंडाळली जाते आणि तिला एक ठराविक आकार येतो. १९२२ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं लायसोझाइम नांवाचें विकर जगापुढें मांडलें. स्वतःस पडसें झालें असतां नाकांतील स्राव त्यांनीं जंतूंच्या वाढीवर टाकून पाहिला होता, आणि जंतू विरघळून गेले होते. आपल्या अश्रूंत हें विकर असतें. कोंबडीच्या अंड्यांतील पांढऱ्या भागांत तर तें विपुल सांपडतें. १९६५ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें या अंड्यांतील लायसोझाइमचा आकार रेखाटला. विकराचा असा संपूर्ण आकार मनुष्याच्या दृष्टीस प्रथमच पडत होता. १२९ अवशेषांची माळ, तिच्यांत एक खोल खांच, आणि खांचेच्या दोन कांठांवर समोरासमोर दोन अवशेष: ३५ व्या जागेवरचें ग्लुटामिक अम्ल आणि ५२ व्या जागेवरचें ॲस्पार्टिक अम्ल. जंतूच्या कवचांतील शर्करांची सांखळी त्या खांचेंत येऊन बसते आणि हे दोघे मिळून ती तोडतात. १२९ मध्यें दोन! मग उरलेले १२७ तेथें काय करीत असतात, हा प्रश्न ही हकीकत प्रथम वाचली तेव्हांपासून माझ्या मनांत आहे.

परंतु त्याच्या आधींचा प्रश्न असा कीं, 'करणारा' कोणाला म्हणावयाचें? २००२ सालीं थॉर्नटन यांच्या मंडळींनीं १७८ विकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत यासाठीं चार कसोट्या घालून दिल्या आहेत. जो अवशेष रासायनिक क्रियेंत स्वतः हात घालतो तो करणारा. जो दुसऱ्या करणाऱ्या अवशेषाची किंवा पाण्याच्या रेणूची अम्लता कमीजास्त करून त्यास कामाला सिद्ध करतो, तोहि करणारा. क्रियेच्या मध्यावर जी अवघड, क्षणभंगुर अवस्था येते तिला जो सांवरून धरतो, तोहि; आणि ज्या पदार्थावर क्रिया व्हावयाची त्याचा बंध ओढून जो तो तुटण्याजोगा करतो, तोहि. मात्र पदार्थास नुसता जागेवर धरून ठेवणारा अवशेष या यादींत बसत नाहीं. शाळेंत कर्ता, करण आणि अधिकरण यांतील भेद आम्हीं छड्या खाऊन पाठ केला होता. या कोशाच्या दारावर तोच भेद पहारा करीत उभा आहे: कर्त्यास व करणास आंत वाट आहे, नुसत्या अधिकरणास नाहीं.

येथें मला माझ्या वडिलांची आठवण होते. ते तलाठी होते. सातबाराच्या उताऱ्यांत वरच्या भागांत ज्याची जमीन त्याचें नांव असे. खालच्या भागांत पिकांच्या नोंदी असत, आणि तेथेंच 'जमीन करणाराचें नांव' असा एक रकाना असे. मालक पुण्यामुंबईस राहत असेल. पण औत कोण धरतो आणि पेरणी कोण करतो, हें त्या रकान्यांत लिहावयाचें. तो भरण्याच्या दोन रीती होत्या. चावडींत बसून मागल्या वर्षाचें नांव पुढें ओढावयाचें, ही एक. आणि बांधावर जाऊन डोळ्यांनीं पाहावयाचें, ही दुसरी. वडील बांधावर जात. उन्हाचे, पायीं, काखेंत दप्तर मारून. आणि सुटीच्या दिवशीं मीहि त्यांच्या मागें असे. त्या एका नांवाचें मोल किती आहे हें मला पुष्कळ उशिरां समजलें. १९४८ च्या कुळकायद्यास पुढें जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वयें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें, आणि त्या रकान्यांत काय लिहिलें आहे यावर कित्येक घरांची भाकरी ठरली.

हिंक्स्टनच्या कोशालाहि रकाना भरण्याच्या या दोन्ही रीती ठाऊक आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळूं न देणें हें त्याच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय. २००४ च्या पहिल्या आवृत्तींत १७७ नोंदी मूळ शोधनिबंध वाचून, माणसांनीं हातानें केलेल्या होत्या. आणि २,६०८ नोंदी त्यांच्याशीं असलेल्या साम्यावरून बसविलेल्या होत्या. कोणती नोंद कोणत्या जातीची हें तेथें स्पष्ट सांगितलेलें असे. साम्यावरून नोंद करण्यांत गैर कांहीं नाहीं. एका कुळांतील दोन विकरें बहुधा सारखेंच काम करतात. परंतु तो 'बहुधा' शब्द विसरतां येत नाहीं.

याचें उदाहरण प्रत्येक घरांत आहे. दुधामध्यें आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नांवाचें १२३ अवशेषांचें एक प्रथिन असतें. १९६७ सालीं त्याच्या माळेचा क्रम लावला तेव्हां तो लायसोझाइमशीं विलक्षण जुळतो असें आढळलें. घडणहि तशीच. दोन सख्खीं भावंडेंच म्हणाना! परंतु जंतूचें कवच तोडणारी ती ग्लुटामिक व ॲस्पार्टिक अम्लांची जोडी या भावंडाच्या अंगीं नाहीं, आणि तें कवच तोडीतहि नाहीं. त्याचा व्यवसाय अगदीं निराळा: दुसऱ्या एका विकराच्या शेजारीं बसून त्याच्याकडून दुधांतील साखर तयार करवून घ्यावयाची. चावडींत बसून नोंद करणाऱ्यानें मोठ्या भावाचें नांव धाकट्याच्या रकान्यांत लिहिलें असतें, आणि ती नोंद वर्षानुवर्षें पुढें चालत राहिली असती.

बांधावर जाऊन पाहिलेलेंहि पुन्हां पाहावें लागतें. आपल्या स्वादुपिंडांतून येणारें कायमोट्रिप्सिन अन्नांतील प्रथिनें तोडतें. त्याच्या माळेंत १०२ व्या जागीं ॲस्पॅराजीन आहे अशी प्रथम समजूत होती. आकार रेखाटल्यावर डेव्हिड ब्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती शंकास्पद वाटली. रासायनिक तपासणी पुन्हां झाली, आणि तेथें ॲस्पार्टिक अम्ल आहे असें १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. दोहोंत अंतर अगदीं थोड्या अणूंचें. परंतु त्या दुरुस्तीमुळेंच १९५ वें सेरीन, ५७ वें हिस्टिडीन व १०२ वें ॲस्पार्टिक अम्ल हें आज प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असलेलें त्रिकूट पुरें झालें. लायसोझाइमची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. त्यांतील ५२ वें ॲस्पार्टिक अम्ल दुरूनच आपल्या ऋण भारानें अवघड अवस्थेस सांवरून धरतें, असें फिलिप्स यांचें मत होतें, आणि पाठ्यपुस्तकांनीं तें कित्येक वर्षें शिकविलें. परंतु डॅनियल कॉशलंड यांनीं १९५३ मध्येंच अशा विकरांविषयीं दुसरी शक्यता सुचविली होती, ती अशी कीं, विकर शर्करेशीं क्षणभर प्रत्यक्ष बंध जोडतें. २००१ सालीं तो बंध ५२ व्या अवशेषाशीं जुळलेला दाखविण्यांत आला. करणाराचें नांव तेंच राहिलें. पण त्यानें काय केलें, हा रकाना ३६ वर्षांनंतर बदलला. असा बदल ज्यांत खुल्या मनानें करतां येतो तोच कोश विश्वासास पात्र.

या नोंदी चाळतां चाळतां कांहीं नांवें पुन्हां पुन्हां भेटूं लागतात, तेव्हां ओळखीचीं माणसें भेटल्यासारखें वाटतें. हिस्टिडीनचेंच पाहा. प्रथिनांच्या माळांत शंभर अवशेषांमागें तें जेमतेम तीन वेळां येतें. परंतु १७८ विकरांच्या त्या अभ्यासांत करणाऱ्या अवशेषांत त्याचा वांटा शेंकडा १८, म्हणजे सर्वांहून अधिक, निघाला. कारण साधें आहे. शरीरांत जेवढी अम्लता असते तेवढ्या अम्लतेंत प्रोटॉन घेणें आणि देणें या दोन्ही गोष्टी त्यास सारख्याच सोप्या जातात. देण्याघेण्यांत जो अडून बसत नाहीं त्याला सगळीकडे बोलावणें येतें, हें रेण्वांच्या जगांतहि खरें आहे म्हणावयाचें! आणि कायमोट्रिप्सिनमधील तें त्रिकूट सबटिलिसिन नांवाच्या, जंतूंपासून मिळणाऱ्या विकरांतहि जसेंच्या तसें उभें आहे. दोन्ही माळांची घडण सर्वस्वीं भिन्न, क्रमांक भिन्न, नातें कांहीं नाहीं. तरीहि सेरीन, हिस्टिडीन व ॲस्पार्टिक अम्ल एकमेकांशीं त्याच कोनांत येऊन बसले आहेत. लायसोझाइमच्या धाकट्या भावानें नातें असून काम सोडलें. येथें नातें नसून काम एक झालें.

कोणी म्हणेल, ही सारी विद्वानांची करमणूक. तसें नाहीं. दुधांतील साखर पोटांत फुटली कीं तीपासून ग्लुकोज व गॅलॅक्टोज होतात. गॅलॅक्टोज मार्गीं लावणारें एक विकर मनुष्याच्या शरीरांत ३७९ अवशेषांचें असतें. १८६ व्या जागेवरील हिस्टिडीन हें त्यांतील मुख्य करणारें. तेथून दोनच घरें पुढें, १८८ व्या जागीं, ग्लुटामीन असावें लागतें. क्रिया चालू असतां मधल्या अवस्थेस तें सांवरून धरतें. युरोपांतील कित्येक घराण्यांत त्या जागीं आर्जिनीन उतरतें. अशी माळ आई व बाप या दोघांकडूनहि मुलाकडे आली तर तें विकर निकामी होतें, आणि नवजात बाळास आईचें दूधच विषासारखें बाधूं लागतें. कावीळ होते, यकृत बिघडतें, डोळ्यांत मोतीबिंदु धरतो. कारण वेळींच ओळखून दूध बंद केलें तर बाळ वांचतें. ३७९ जागांपैकीं कोठें बदल झाला असतां तो निरुपद्रवी आणि कोठें झाला असतां तो घातक, हें ठरवितांना करणारे अवशेष कोणते याची माहिती मोलाची ठरते.

आतां त्या १२७ जणांकडे वळूं. त्यांच्या बाजूनें साक्ष देणारा एक प्रयोग १९८८ सालीं पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स या दोन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. त्यांनीं सबटिलिसिनमधील त्रिकूटाचा एकेक अवशेष काढून त्याच्या जागीं ॲलानीन हें निरुपयोगी अम्ल बसविलें. सेरीन काढलें तेव्हां विकराचा वेग सुमारें वीस लाख पटींनीं उतरला. हिस्टिडीन काढलें तेव्हांहि तितकाच. ॲस्पार्टिक अम्ल काढलें तेव्हां सुमारें तीस हजार पटींनीं. म्हणजे हे तिघे खरोखरच करणारे, याविषयीं शंका उरली नाहीं. मग त्यांनीं तिघांनाहि एकदम काढून टाकलें. आतां काम सर्वस्वीं थांबावें अशी आपली अपेक्षा. परंतु विकर मुळींच नसतांना जो वेग असतो त्याच्या सुमारें हजार पट वेगानें तें विकर अद्याप काम करीतच होतें! तिन्ही करणारे निघून गेले होते, आणि ज्यांचीं नांवें त्रिकूटांत नव्हतीं ती माळ पदार्थास सांवरून, वळवून, त्याचें काम पुढें रेटीत होती.

हें वाचलें त्या दिवशीं मला वडिलांचा तो रकाना पुन्हां आठवला. त्यांत एकच नांव मावत असे, आणि तें घरच्या कर्त्या पुरुषाचें असे. त्याच शेतांत बी टाकणारी, दिवसभर वाकून खुरपणारी, दुपारीं डोक्यावरून भाकरी आणणारी त्याची बायको आम्हां दोघांनाहि बांधावरून दिसत असे. तिचें नांव कोणत्या रकान्यांत लिहावयाचें, असें मीं एकदां विचारलें. वडील थोडा वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "रकाना एकाच नांवाचा आहे, बाळ. पण पाहतांना दोघांना पाहावं." नोंदीला मर्यादा असते, आणि असलीच पाहिजे, सर्वांचींच नांवें लिहिलीं तर ती नोंद न राहतां खानेसुमारी होईल. परंतु नोंद करणाऱ्याच्या नजरेला ती मर्यादा नसावी, एवढाच त्या उत्तराचा अर्थ मीं आजवर धरून ठेवला आहे.

या कोशाचा व्याप किती लहान आहे, हें सांगितल्यावांचून त्याची थोरवी कळावयाची नाहीं. १९७१ सालीं प्रथिनांच्या आकारांचें भांडार प्रथम स्थापन झालें तेव्हां त्यांत सात आकार होते. २०२३ पर्यंत ते दोन लाखांवर गेले. पुढें संगणकच माळेचा क्रम पाहून आकाराचें अनुमान करूं लागला. २०२२ पर्यंत असे वीस कोटींहून अधिक आकार सर्वांस खुले झाले, आणि या विद्येसाठीं डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ चें रसायनाचें नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर यांच्यासमवेत मिळालें. कौतुक करावें तितकें थोडेंच. परंतु आकार समजला म्हणजे करणारा समजला असें नव्हे. घराचा नकाशा पाहून त्या घरांत राबतें कोण हें जसें कळत नाहीं, तसेंच हें आहे. नव्या कोशाचें वर्णन २०१८ सालीं प्रसिद्ध झालें, त्या वेळीं हातानें तपासलेल्या नोंदी होत्या ९६१. ज्यांचा आकार ठाऊक होता अशीं विकरें २,७९३ प्रकारचीं. त्यांपैकीं ८४० प्रकार या नोंदींत आले होते. कोणीतरी एकेक निबंध वाचला, एकेक प्रयोग तोलला, आणि मग एकेक ओळ लिहिली, तेव्हां कोठें हें झालें.

त्या ९६१ नोंदींपैकीं ४२३ मध्यें क्रिया पायरीपायरीनें कशी घडते याचें सविस्तर चित्र होतें. उरलेल्या ५३८ मध्यें करणारांचीं नांवें तेवढीं होतीं. चित्राची जागा मोकळी होती. साम्यावरून, तर्कावरून, विद्वत्तेच्या भरांत ती भरून टाकणें अवघड नव्हतें, आणि वाचणारास तें कदाचित् कळलेंहि नसतें. कोश मिटतांना माझी नजर त्या भरलेल्या चित्रांपेक्षां या मोकळ्या जागांवर अधिक रेंगाळते. तेथें बांधावर अजून कोणी गेलेलें नाहीं, आणि जाईपर्यंत तेथें कोणी कांहीं लिहिणार नाहीं.